बोगद्यातून वास येत नाही

कारखान्यातून घरी आलो की पुढच्या दाराने आत यायची मला बंदी होती. पुढे अब्बांची बेकरी होती, भिसेगावात शिरताना पावाचा वास जिथून सुरू होतो ती, आणि त्या वासात माझा वास मिसळू नये असा अम्मीचा कायदा होता. मी मागच्या बोळातून यायचं, भट्टीच्या जळाऊ लाकडांच्या ढिगामागे उभं राहायचं, तिथल्या खिळ्याला कारखान्याचे कपडे अडकवायचे आणि बादलीशी बसून अंगाला आधी बेसन, मग लिंबाची सालं, मग साबण, मग पुन्हा बेसन चोळायचं. तेवढ्यात अम्मी भट्टीतून पाव ओढायचा लांब दांडा घेऊन यायची आणि माझी पँट खिळ्यासकट आणखी लांब ढकलता येते का ते बघायची. नाजू, माझी धाकटी बहीण, खिडकीत ओढणीने नाक दाबून उभी असायची आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायची, "आला गं आला, हाडांचा नवाब आला! भजी तळा कोणीतरी, बेसन लावून तयार हाय!"

हाडांचा म्हणजे खरोखरच हाडांचा. साजगावच्या बाजूला एक कारखाना होता. तिथे ट्रक भरभरून हाडं यायची, चुन्याच्या हौदात महिनोन्‌महिने भिजायची, आणि मग मोठ्या कढयांत वाफेवर शिजून त्यांचा सरस, म्हणजे सुतार लाकूड चिकटवतात तो गोंद, व्हायचा. वाचणाऱ्याने हे वाक्य वाचून पुढे जावं, त्यावर विचार करत थांबू नये. मी थांबलो होतो. पहिल्याच दिवशी हौदाच्या काठावर उभा राहून आत काय आहे ते नीट बघितलं, आणि सकाळी खाल्लेली अब्बांची खारी मला पुन्हा भेटली. तो वास नाकात येत नसे, तो घशात येऊन बसे. ओल्या कुत्र्याचा, शिळ्या कालवणाचा आणि मेलेल्या उंदरावर टाकलेल्या चुन्याचा असा तो एकत्र कुटुंबातला वास होता. नखांच्या कडांत, कानांच्या घड्यांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली त्याचं वेगळं वेगळं बिऱ्हाड असे. खोपोलीहून येताना मिनीडोर रिक्षावाला मला मागे, तोंड बाहेर करून बसवायचा आणि तरी बायका पळसदरीला न उतरायच्या त्या उतरायच्या. आज मी माझ्या वातानुकूलित खोलीत, टेबलावर सुगंधी काड्यांची बाटली ठेवून हे लिहितोय आणि तरी मधूनच मनगट हुंगून बघतोय. सवय जात नाही. किळस ही फार इमानी बाई आहे, एकदा घरात आली की शेवटपर्यंत साथ देते.

मुळात मी त्या हाडांत गेलो तो कॉम्प्युटरवाला म्हणून. कर्जतच्या एका क्लासात सर्टिफिकेट मिळवलं होतं आणि आता काचेची केबिन, फिरती खुर्ची आणि समोर चहा अशी माझी समजूत होती. केबिन मिळाली. ती कढयांच्या डोक्यावर होती आणि तिची काच फुटलेली होती. माझं काम इतकंच की कढईत सोडलेल्या तापमापीचा आकडा कॉम्प्युटरवर बघत बसायचं. साठ अंशाच्या आसपास आहे तोवर सगळं ठीक. खाली घसरला तर खाली वाकून दामूला ओरडायचं, "वाफ दे!" वर चढला तर ओरडायचं, "वाफ तोड!" दामू म्हणजे बॉयलरवरचा ठाकूरवाडीचा गडी. तो वाफेचं चाक फिरवायचा आणि वर बघून डोळा मारायचा. बारा वर्षं शाळा आणि वर कॉम्प्युटरचा क्लास करून मी हाडांच्या तापाला थर्मामीटर लावणारी नर्स झालो होतो. त्या कॉम्प्युटरला इतके व्हायरस होते की शेवटी मी तो पुसून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली प्रणाली चढवली. ते एवढं एकच काम मी तिथे अक्कल वापरून केलं, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यातूनच निघालं.

घरीही माझा एक डेस्कटॉप होता. भंगारातल्या तीन कॉम्प्युटरांतून एक जोडलेला, त्यावरही लिनक्स, मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांना टेकून ठेवलेला. मैदा ही काय चीज आहे ते बेकरीवाल्याच्या पोराला विचारा. तो हवेत असतो, दिसत नाही, आणि पंखा असलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात जातो. एकदा मी त्या डब्याचं झाकण उघडलं तर आत पंख्यावर मैद्याची पोळी थापलेली, उष्णतेने कडेला चक्क भाजलेली, आणि तिच्यावर झुरळांची दोन पिढ्यांची सोय झालेली. मी झाकण परत लावून टाकलं. असल्या गोष्टी बघू नयेत. तेव्हापासून तो पंखा घरघरत असे, मधेच खोकल्यासारखा अडकत असे, आणि मग मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होत असे. ती घरघर लक्षात ठेवा, तिला पुढे काम आहे.

अब्बा कमी बोलत. गिऱ्हाइकं जेव्हा पावाची जुडी नाकाजवळ नेऊन मग घ्यायला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सलीम, पावाला स्वतःचा वास नसतो रं. शेजारी असंल तो घेतो." त्यानंतर माझं बेसन दुप्पट झालं. पण खरी गोष्ट पावाची नव्हती, नाजूची होती. खालापूरचं एक घर तिला बघायला येणार होतं. भाताची गिरणी, खाऊनपिऊन सुखी, आणि मुलगा हनीफ. खोपोलीला नाजू टायपिंगला जायची तिथे तो शेजारच्या वर्गात हिशेब शिकवायचा. म्हणजे बघायला ते येणार होते, पण नाजूचं बघून झालेलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं, जसं चांगल्या घरांत असतं. अडचण होती ती हनीफच्या फूफीची, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची. हनीफच्या मोठ्या भावाच्या वेळी मुलीकडच्यांनी घरातलं दुखणं लपवलं होतं आणि निकाहानंतर ते बाहेर आलं. तेव्हापासून फूफी कोणाच्याही घरी सोयरिकीला गेली की शरबताला हात लावायच्या आधी उठून सगळं घर फिरायची. मोरीत डोकावायची, गाद्यांना हात लावायची, आणि मुख्य म्हणजे हुंगायची. तिच्या नाकाने दोन घरं नापास केल्याची बातमी आमच्यापर्यंत आली होती. नाजूने मला लाकडांच्या ढिगामागे गाठलं. थट्टा नव्हती तिच्या तोंडावर. "भाई," ती म्हणाली, "त्या दिवशी तू कारखान्यात जायचं नाय. गेलास तर घरी यायचं नाय. माझ्या आयुष्यात मी दुसरं कायपन मागणार नाय तुझ्याकडं." नंतर तिने बरंच काही मागितलं, पण ते असू दे.

मी रजा मागितली. भोईरसाहेब आमचे सुपरवायझर, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. "सलीम, त्या दिवशी नवी घाण चढतेय," ते म्हणाले. कढईतल्या मालाला ते प्रेमाने घाण म्हणत. "आकडा तू नाय बघणार तर काय माझी आजी बघंल?" रजा नाही. घरी यायचं तर जायचं नाही, नोकरी टिकवायची तर गेलंच पाहिजे. सरळ माणूस अशा वेळी पाय धरतो, आईच्या किंवा साहेबाच्या. मी लिनक्सवाला होतो, मी मॅन्युअल धरलं.

एसएसएच म्हणजे एका कॉम्प्युटरवर बसून दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला हुकूम द्यायची सोय. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची, ती तिकडे जातात, तिकडचं उत्तर इकडे उमटतं. मधल्या वाटेवर कोणी कान लावला तर त्याला नुसता कचरा ऐकू येतो, कारण सगळं बोलणं कुलूपबंद जातं. कुलूप दूरच्या दाराला आणि त्याची किल्ली आपल्यापाशी. अडचण एवढीच की कारखान्याच्या इंटरनेटच्या पेटीला बाहेरून कोणी हाक मारली तर ती ओ देत नसे. आतून बाहेर जायला मात्र कोणालाही मोकळीक. म्हणून उलटा बोगदा. मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरलाच सांगितलं की बाबा, तूच माझ्या घरी जा, दार वाजव, आणि गेलास की वाट उघडी धरून तिथेच उभा राहा. त्याने उघड्या धरलेल्या वाटेने मग मी घरून उलटा कारखान्यात शिरायचो. आमच्या कर्जतला घाट चढायच्या गाडीला मागून इंजिन लावतात, त्यामुळे सरळ कामं उलट्या बाजूने करायची ही रीत मला रक्तातलीच वाटली. हे सगळं मी घरात अभिमानाने सांगितलं.

अम्मी कांदा चिरायची थांबली. "बोगदा? भिसेगावातनं साजगावपर्यंत?"

"तसा नाय अम्मी. तारेतला."

"मग त्यातनं वास येईल का रं?"

"त्यातून फक्त अक्षरं येतात."

"अक्षरांना वास नसतो?"

"ह्याच्या अक्षराला असतो," नाजू आतून म्हणाली. "शाळेत ह्याची वही बाईंनी चिमटीत धरून परत दिली होती."

मी त्यांच्या अडाणीपणाकडे दुर्लक्ष केलं. नाकाने कांदे सोलायचे माझे दिवस होते ते, ज्या नाकाने आधी काय काय सोसलं होतं ते विसरून. आठवडाभर मी रंगीत तालीम केली. घरचा पडदा काळा, त्यावर मधोमध हिरवा आकडा, पाटीवर लिहिल्यासारखा मोठा. साठ. मग एकसष्ट. मग पुन्हा साठ. मैद्याच्या पोत्यावर बसून मी हाडं शिजताना बघत होतो आणि मला नानकटाईचा वास येत होता. स्वर्ग म्हणतात तो हाच. पडद्यावर आकड्याखाली वेळही लिहून येईल अशी सोय करणं सोपं होतं, पण घड्याळ भिंतीवर होतंच, शिवाय आकडा एकटा जास्त रुबाबदार दिसत होता. मॅन्युअलात आणखी एक ओळ होती. ती लिहून ठेवली की आपला कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने समोरच्याला विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की नातं तुटलं असं समजून तसं सांगतो. मी ती वाचली आणि सोडून दिली. सारखं आहेस का, आहेस का काय विचारायचं? संशयी बायकोसारखं!

कढयांवरच्या केबिनपर्यंत जिना चढायचा भोईरसाहेबांच्या पोटाचा शिरस्ता नव्हता, त्यामुळे रिकामी खुर्ची कोणाला दिसणार नव्हती. दामूशी ठराव झाला. आकडा हलला की मी मोबाइल करीन आणि सांगीन तसा तो चाक फिरवील. "आनि फोन नाय आला तर?" दामूने विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "फोन नाय आला म्हणजे सगळं ठीक हाय. माझा फोन आल्याबिगर चाकाला हात लावायचा नाय." तो म्हणाला, "बरं सलीमशेठ," आणि डोळा मारला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी घराचा ताबा अम्मीकडे होता. अब्बांच्या भट्टीत पाव कमी आणि आकनीचं, म्हणजे मटणाच्या भाताचं, डेग जास्त अशी स्थिती, केळीच्या पानाखाली सांदणं वाफवलेली, आणि सगळ्या घरात अम्मीचं वासाविरुद्ध युद्ध चालू. पहाटेपासून तिने फिनेल ओतलं. फिनेलचा वास मारायला अत्तर शिंपडलं. अत्तरही पुरेसं वाटेना तेव्हा निखाऱ्यांवर मूठ मूठ लोबान टाकला, कोपऱ्याकोपऱ्यात, पलंगाखाली, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर तर खास. मला तीन वेळा न्हाऊ घालून, शेरवानी चढवून तिने मागच्या खोलीत लोटलं आणि बाहेरून कडी लावली. माझ्यावर तिचा अजून भरवसा नव्हता. बेत असा होता: पाहुण्यांना सांगायचं की मुलगा कारखान्यात ड्युटीवर आहे. बोलणं पक्कं झालं, तोंड गोड करायची वेळ आली, की मी मागच्या बाजूने फिरून पुढच्या दाराने यायचं, आत्ताच साजगावहून आलोय असं दाखवत, अत्तराने घमघमत. फूफी म्हणेल, वा, हाडांच्या कारखान्यातून आला आणि गुलाबासारखा! इतका हुशार खोटेपणा आमच्या खानदानात आधी कोणी केला नव्हता. माझं शरीर भिसेगावात, माझी ड्युटी साजगावात आणि माझ्या आईचा मुलगा दोन्हीकडे नाही.

पाहुणे आले. दाराच्या फटीतून मला हाजीसाहेबांची, म्हणजे हनीफच्या वडिलांची, टोपी दिसली, आणि त्यांच्यामागून फूफी. उंच, वाळलेली, आणि तिचं नाक खरोखरच तिच्या आधी खोलीत आलं. मी पोत्यावर बसलो. साठ. बाहेर बोलणी, बांगड्या, शरबताचे ग्लास. साठ. मी कपाळ पुसलं. साठ. आज दामू काय सुंदर वाफ देतोय, मला वाटलं. रोज दोन अंश इकडेतिकडे करणारा आकडा आज दीड तास शिकवल्यासारखा जागच्या जागी बसला होता. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतंय पोरगं, असंही एकदा माझ्या मनात आलं. हात लावून नजर लागेल म्हणून मी एक बटणसुद्धा दाबलं नाही.

मग पावलं जवळ यायला लागली. फूफीची फेरी सुरू झाली होती. मोरी झाली, स्वयंपाकघर झालं, आणि माझ्या दाराशी ती थांबली. मी श्वास रोखला. माझा कॉम्प्युटर मात्र श्वास रोखणाऱ्यातला नव्हता. तो घरघरला, अडकला, खोकला, आणि लांब उसासा टाकून परत घरघरायला लागला.

"आत कोन हाय?" फूफीचा आवाज.

"कोनी नाय आपा," अम्मी म्हणाली.

"कोनी नाय तर घरघरतंय कोन?"

"ते... कॉम्प्युटर हाय."

"कॉम्प्युटर असा खोकतो?"

अम्मीला कॉम्प्युटर कसे खोकतात याचा फारसा अनुभव नव्हता. फूफी मोठ्याने हुंगत होती, दाराच्या फटीतून मला ते ऐकू येत होतं. "घरात पाय ठेवल्यापासनं बघते," ती सावकाश म्हणाली, "फिनेल दवाखान्यासारखं. लोबान तर असा की मयत झाल्यासारखा. दाराला बाहेरनं कडी. आत घरघर. एकदा पोळलेली मानसं आमी, बाई. आत म्हातारं मानूस असंल तर असू दे, दुखनं कोनाच्या घरात नसतं? पन लपवलंत ना!" आणि तिची पावलं परत पुढच्या खोलीकडे गेली. तिने शरबताचा ग्लास हात न लावता बाजूला सरकवला तो आवाजसुद्धा मी ऐकला. मग ती हाजीसाहेबांना म्हणाली, "चला. उशीर होतोय."

नाजू पडद्याआड होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा आवाजच आला नाही. मी दार ठोठावायला हात उचलला, आणि तेवढ्यात रस्त्यावर टेंपो थांबल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर तो आला. माणूस नव्हे, वास. लोबानाला बाजूला सारत, फिनेलला तुडवत, अत्तराच्या कानाखाली काढत तो सरळ पुढच्या दाराने आत आला, ज्या दाराने मला यायची बंदी होती त्या दाराने. त्याच्या मागे भोईरसाहेब होते.

"सलीम कुठाय?" ते गर्जले.

"तो ड्युटीवर हाय," अब्बा शांतपणे म्हणाले. ठरलेलं वाक्य होतं ते.

"कुठल्या ड्युटीवर? मी कारखान्यातनंच येतोय!"

आत माझा पंखा पुन्हा घरघरला. अम्मीने येऊन कडी काढली. मी शेरवानीत बाहेर आलो. भोईरसाहेब मधोमध उभे होते. गुडघ्यापर्यंत पिवळट, चिकट, थरथरणारं काहीतरी, त्यात अडकलेल्या माश्या, आणि एकाच पायात चप्पल. मला बघून ते म्हणाले, "काय रं, जिवंत हाईस का? तासापास्नं फोन करतोय! घाण उतू गेली सगळी! जिन्यावर, नाल्यात, पार गेटापर्यंत! मानसं पळाली म्हनून वाचली, चपला ऱ्हायल्या तिथंच!"

"पण साहेब," मी म्हणालो, आणि हे वाक्य आजही आमच्या घरात दर ईदला कोणीतरी म्हणतं, "साठ आहे!"

मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि आकडा दाखवला. हिरवा, मोठा, रुबाबदार. साठ. भोईरसाहेबांनी आकडा बघितला, स्वतःच्या अनवाणी पायाकडे बघितलं, पुन्हा आकडा बघितला. मी एक बटण दाबलं. अक्षर उमटलं नाही. दुसरं दाबलं. नाही. पडद्यावरचा आकडा मेलेला होता. केव्हापासून ते अल्ला जाणे, आणि मी मेलेल्याच्या तोंडावरची शांती बघून खूश होत बसलो होतो. मी कॉम्प्युटरच्या मागची तार धरली आणि तिच्या मागोमाग निघालो, रांगत, पडद्याखालून, पुढच्या खोलीच्या भिंतीकडेने. पाहुण्यांनी एकेक करून पाय वर घेतले. हाजीसाहेबांनीही घेतले. खिडकीखाली, भिंतीतल्या एकुलत्या एक प्लगला शेजाऱ्यांकडून मागून आणलेला उभा पंखा लावलेला होता आणि मजेत मान हलवत होता. त्याच्या पायाशी इंटरनेटची डबी पडली होती, तिची वायर नीट गुंडाळून, वर रबरबँड लावून.

"पाव्हन्यांना धुराचा तरास व्हायला लागला," अम्मी म्हणाली. "नि ती डबी नुसती लुकलुकत होती. काम काय करत नव्हती."

"हा पोरगा काय शोधतोय?" फूफीने विचारलं. मग ती उठली, माझ्या खोलीत गेली आणि दार उघडं टाकून नीट बघितलं. पोती. कॉम्प्युटर. घरघर. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड वेगळंच झालं होतं. "म्हंजे आत आजारी कोन नव्हतं? हा होता?"

"हाच आजारी हाय!" पडद्याआडून नाजूचा आवाज फुटला. बघायच्या कार्यक्रमात मुलीने बोलायचं नसतं, पण तिच्याने राहवलं नसावं. "जलमापासून!"

फूफी हसली. आधी नाकातून, मग तोंडाने, मग पलंगावर बसून पोट धरून. "हाडांचा वास होय!" ती म्हणाली. "अगं वास काय, धुतला की गेला. मी म्हटलं आत कोन शेवटचा श्वास घेतंय नि तुमी आमाला सांदणं चारताय! त्या वासापायी एवढा लोबान जाळलास बाई? विझव तो आधी, मला माझी मय्यत दिसायला लागली." आणि तिने सरकवलेला ग्लास पुन्हा जवळ ओढला.

तो ग्लास तिने तोंडाला लावला तेवढाच मी पाहिला, कारण भोईरसाहेबांनी माझी शेरवानी मानेपाशी धरली होती. आकनीचं डेग आत्ता उघडत होतं. अब्बांनी माझ्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. आनि येताना मागच्या दारानं ये."

त्यानंतरचं मला लिहायचं नाही, पण प्रकरणाचा मजकूरच तो आहे. सरस उतू जातो तेव्हा तो फेस असतो, पण थंड झाला की त्याची जेली होते. सगळा कारखाना जेलीत बसवला होता. जिन्याच्या पायऱ्या, झाडू, बादल्या, कोणाचा तरी डबा, आणि गेटापर्यंत ओळीने चपला, पळताना जशा सुटल्या तशा, एक पुढे एक मागे. फावड्याने तिचे लादीसारखे तुकडे निघायचे आणि उचलताना थरथरायचे. त्यांच्या आत बुडबुडे होते, केस होते, एक पाल होती. शेरवानीच्या बाह्या दुमडून मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पायरीने मला बसवून घेतलं. ती थंड चिकट घाण शेरवानीतून आत, पाठीच्या कण्यापर्यंत सावकाश येत गेली तो क्षण मला मरताना आठवेल, आणि मरणसुद्धा जरा मागे सरकेल. मी ओकलो. ओकल्यावर तेही मलाच उचलावं लागलं. शेजारी दामू फावडं मारत होता.

"काय मंग सलीमशेठ," तो म्हणाला, "आकडा काय म्हनतोय?"

"तू वाफ का तोडली नाहीस रे? फेस दिसत होता ना!"

"दिसला की. फोन लावला तुला, भोईरसायबांनीबी लावला. उचलला नाय. मंग म्या म्हटलं, शेठनं सांगितलंय हात लावायचा नाय, तर कशाला लावा? शिकलेला मानूस हाय, फेसबी बोगद्यातनं वडून घेईल."

फोन कुठे होता ते मला तिथेच, फावडं हातात असताना आठवलं. कारखान्याच्या पँटच्या खिशात, लाकडांच्या ढिगामागे, खिळ्यावर, जिथपर्यंत अम्मीचा दांडा पोचत होता त्याच्याही पलीकडे. आकडा हलला असता तर फोन शोधला असता. तो हललाच नाही, म्हणून फोन आठवलाच नाही.

मला कामावरून काढलं नाही. काढतील अशी आशा होती, पण माझ्या जागेवर बसायला दुसरं नाक मिळेना. भोईरसाहेबांनी फक्त बोगदा बुजवायला लावला आणि केबिनची फुटकी काच होती तीही काढून टाकली. "आकडा बघ," ते म्हणाले, "पन आदी हुंग." नाजूचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. खालापूरला गेलो की ती अजून मला पुढच्या दाराने घेत नाही, मुद्दाम मागे पाठवते आणि बेसनाची वाटी दाखवते. फूफी होती तोवर प्रत्येक वेळी विचारायची, "आत कोन घरघरतंय रं अजून?" तिच्या घरी एकदा कोणीतरी लालभडक जेली वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली. ती थरथरली, आणि मी उठून मोरीशी गेलो.

आता माझं पोट सगळं बोगद्यांवरच आहे. कुठल्या तरी दूरच्या गावातले, मी कधी न पाहिलेले कॉम्प्युटर मी या खोलीतून सांभाळतो. ती सोडलेली ओळ आता मी सगळ्यात आधी लिहितो, माझं मशीन दिवसभर समोरच्याला आहेस का, आहेस का विचारत असतं, आणि आकड्याखाली वेळ असते. तरी एखादा पडदा फार वेळ शांत राहिला, कुठलाच आकडा जरासुद्धा हलला नाही, की माझा त्यावर विश्वास बसत नाही. सुगंधी काड्यांच्या मागून काहीतरी यायला लागतं. मी एक बटण दाबतो, कुठलंही, आणि अक्षर उमटेपर्यंत नाक धरून बसतो.